मंत्र्यांच्या हातातल्या मशाली

मुलांनो, लग्नसराई सुरू झाली की आमच्या वर्गात सकाळच्या पहिल्या तासाला जांभयांची साथ येते. एकाने दिली की शेजारचा देतो, मग मागच्या बाकावरचा देतो आणि शेवटी बाईंनाही येते! त्या सोमवारी असंच झालं. मी फळ्यावर भागाकाराचं उदाहरण लिहीत होते आणि मागे अर्धा वर्ग पेंगत होता.

"काय रे, रात्री झोपला नाहीत का?" मी विचारलं.

"बाई, काल आमच्या गल्लीतून वरात गेली. बारा वाजेपर्यंत नाचलो आम्ही!"

झालं! झोप कुठच्या कुठे पळाली. प्रत्येकाला वरातीबद्दल सांगायचं होतं. म्हटलं, चला, भागाकार थोडा वेळ थांबेल. मी खडू घेतला आणि विचारलं, "सांगा बघू, वरातीत कोण कोण होतं?"

"घोडा!" "नवरदेव!" "करवल्या!" "बँडवाले!" "फटाके लावणारे काका!" एकेक नाव मी फळ्यावर लिहीत गेले. यादी संपली तेव्हा मी म्हटलं, "रात्रीची वरात म्हणता, मग उजेड कुणाचा होता?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हळूच आवाज आला, "माझ्या आईचा."

वर्गातली एक मुलगी उभी होती. तिची आई वरातीत डोक्यावर दिवा धरून चालते. तुम्ही पाहिलं असेल. दोन्ही बाजूंनी बायामाणसांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर झुंबरासारखा दिवा, एकीकडून दुसरीकडे गेलेली वायर आणि शेवटी ढकलगाडीवर धडधडणारा जनरेटर. पूर्वी याच जागी गॅसबत्त्या असायच्या.

ती बोलली आणि दोघंतिघं फिदीफिदी हसले. ती मटकन खाली बसली आणि तिने दप्तरात तोंड घातलं.

मी रागावले नाही. रागावून हसू थांबतं, पण मनातलं जात नाही. मी फळा पुसला आणि म्हटलं, "आज गणित नाही. आज एका राजाच्या घरच्या लग्नाची गोष्ट. त्या लग्नातही नवरा-नवरीपुढे दिवे धरून लोक चालायचे. ओळखा बरं, ते कोण असायचे?"

"नोकर!" "शिपाई!" "सैनिक!"

"नाही. राज्याचे मंत्री!"

वर्ग एकदम चिडीचूप. मुलांनो, तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते आहे. (त्या मुलीला विचारूनच हे लिहिलं आहे बरं का. नाव मात्र लिहायचं नाही, असं आमचं ठरलंय.)

मशालींचा नाच

आज नकाशात जर्मनी नावाचा एक देश दिसतो. पण १८७१ सालापर्यंत तो असा एकसंध नव्हता. तिथे लहानमोठी पुष्कळ राज्यं होती. बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर अशी त्यांची नावं. त्यांतलं एक बलाढ्य राज्य म्हणजे प्रशिया आणि त्याची राजधानी बर्लिन.

प्रशियाच्या राजघराण्यात लग्न झालं की रात्री राजवाड्यात एक खास नाच व्हायचा. त्याचं नाव फाकेलटान्त्स. जर्मन भाषेत 'फाकेल' म्हणजे मशाल आणि 'टान्त्स' म्हणजे नाच. म्हणजे आपल्या भाषेत मशालनृत्य!

नाच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे उड्या आणि गिरक्या आल्या असतील. पण हा नाच म्हणजे खरं तर ऐटीत चालणं. पुढे राज्याचे मंत्री आणि मोठे अधिकारी जोडीजोडीने निघायचे. प्रत्येकाच्या हातात मेणाची जळती मशाल. त्यांच्या मागून नवरा-नवरी. सगळे मिळून दालनाला एक फेरी घालायचे. मग नवरी एकेका मानाच्या पाहुण्याला हात द्यायची आणि त्याच्याबरोबर फेरी घालायची. नवरदेव तसाच पाहुण्या स्त्रियांबरोबर फेरी घालायचा. पाहुणे बदलायचे, पण प्रत्येक फेरीला मशाली पुढेच.

आता विचार करा. राज्याचा कारभार बघणारी ही माणसं. त्यांच्या सहीने हुकूम निघायचे. तीच माणसं त्या रात्री हातात उजेड धरून चालायची! आणि त्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही, उलट तो मान समजला जायचा.

अशा नाचाला संगीतही तसंच हवं. भरभर वाजणारं चालणार नाही, कारण हातात आग आहे आणि नवरीचा झगा मागे लांबच लांब लोळतो आहे. अगदी संथही चालणार नाही, नाहीतर ती मिरवणूक न वाटता दुखवटा वाटेल. शिवाय पाहुणे खूप, फेऱ्या खूप, म्हणून पुन्हापुन्हा वाजवलं तरी कंटाळा येणार नाही असं हवं. सोपं काम नाही हे!

हे काम ज्यांनी सर्वांत नावाजण्यासारखं केलं, त्यांचं नाव जाकोमो मायरबेअर.

साखर कारखानदाराचा मुलगा

मायरबेअर यांचा जन्म १७९१ साली बर्लिनजवळ झाला. जन्मनाव याकोब बेअर. वडिलांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता, म्हणजे घरात पैशाला तोटा नव्हता. आई अमाली मोठी हुशार बाई. तिच्या घरी गावातले लेखक, गायक, विद्वान जमायचे. मुलगा पियानोत इतका तरबेज, की दहा वर्षांचा असतानाच लोकांसमोर वाजवायला लागला. आजोबांचं नाव 'मायर' होतं. ते वारले तेव्हा त्याने त्यांची आठवण म्हणून ते आपल्या आडनावाला जोडलं आणि तो 'मायरबेअर' झाला. पुढे इटलीत शिकायला गेला, तेव्हा 'याकोब'चं इटालियन रूप 'जाकोमो' त्याने घेतलं. असं हे नाव तयार झालं.

नंतर ते पॅरिसला गेले. तिथे १८३१ साली त्यांचं एक संगीत नाटक रंगभूमीवर आलं. त्याला तिकडे ऑपेरा म्हणतात. आपल्या संगीत नाटकाचा तो लांबचा भाऊच समजा, फक्त त्यात जवळजवळ सगळं गाऊनच होतं. १८३६ साली आणखी एक आलं. दोन्ही इतके गाजले, की युरोपभर मायरबेअर यांचं नाव झालं.

पण मुलांनो, एक गोष्ट होती. मायरबेअर यांचं घराणं ज्यू धर्माचं होतं. त्या काळी प्रशियात ज्यू लोकांना इतरांसारखे सगळे हक्क नव्हते. १८१२ साली त्यांना नागरिक म्हणून मान्यता मिळाली, पण सरकारी नोकरीची कितीतरी दारं बंदच राहिली. पुष्कळ ज्यू कुटुंबांनी धर्म बदलला, म्हणजे वाट मोकळी होईल म्हणून. मायरबेअर यांनी आजोबांच्या मृत्यूनंतर आईला पत्र लिहून शब्द दिला होता, की मी आपला धर्म सोडणार नाही. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

आणि अशा माणसाला १८४२ साली प्रशियाच्या राजाने, चौथ्या फ्रीडरिख विल्हेल्मने, बर्लिनला बोलावून घेतलं आणि राज्याच्या संगीताचा प्रमुख नेमलं! त्याच वर्षी राजघराण्यात एक लग्न निघालं. नवरी प्रशियाची राजकन्या मारी, नवरा बव्हेरियाचा युवराज माक्सिमिलियन. गंमत म्हणजे बर्लिनमध्ये लग्न लागलं तेव्हा नवरदेव हजरच नव्हता! त्याच्या वतीने दुसऱ्याने उभं राहायचं, अशी तिकडे चाल होती. आपल्याकडेही संस्थानिकांमध्ये नवरदेवाची तलवार पाठवून लग्न लावत असत, तसंच काहीसं. खरं लग्न मग आठवड्याने म्युनिकला पुन्हा लागलं.

या लग्नासाठी मायरबेअर यांनी आपलं पहिलं मशालनृत्य रचलं. पुढे राजघराण्यातल्या लग्नांसाठी १८५०, १८५३ आणि १८५८ साली आणखी तीन रचली. एकूण चार.

वरातीतला मोठा भोंगा

आता तुमच्या ओळखीची गोष्ट. हे संगीत सतार-सारंगीसारख्या तारेच्या वाद्यांसाठी नव्हतं. ते फौजेच्या बँडसाठी होतं. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ढोल, झांजा. म्हणजे कालच्या वरातीत होतं तेच सगळं!

जुन्या काळी मशालनृत्याला नुसते ट्रंपेट आणि नगारे असत. साध्या ट्रंपेटची एक अडचण असते. ती एक लांब नळी. फुंकर कमीजास्त केली तरी तिच्यातून ठरावीकच सूर निघतात, मधले निघत नाहीत. मग एक युक्ती निघाली. नळीला खटके बसवायचे. खटका दाबला की हवा जास्तीच्या वळशातून जाते, म्हणजे नळी तेवढी लांब होते आणि सूर खाली येतो. तीन खटके वेगवेगळ्या प्रकारे दाबले की सगळे सूर हाताशी! या खटक्यांचं पेटंट १८१८ साली बर्लिनमध्येच घेतलं गेलं.

बर्लिनमध्ये त्या काळी विल्हेल्म व्हीप्रेख्त नावाचे फौजी बँडचे प्रमुख होते. त्यांनी मोरित्स या वाद्य बनवणाऱ्या कारागिराबरोबर १८३५ साली एका नव्या वाद्याचं पेटंट घेतलं. ते वाद्य म्हणजे ट्यूबा, सगळ्यांत खालचा घनगंभीर सूर देणारा अजस्र भोंगा. मायरबेअर यांचं मशालनृत्य फौजी बँडवर बसवण्यात याच व्हीप्रेख्त यांचा हात होता.

पुढे असले बँड इंग्रजांच्या पलटणींबरोबर आपल्या देशात आले. संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले. मग तीच वाद्यं हळूहळू लग्नाच्या वरातीत आली. वरातीत कुणी खांद्यावरून वेटोळं घातलेला मोठा पितळी भोंगा वाजवताना दिसला, तर ओळखा, तो बर्लिनच्या ट्यूबाचा नातेवाईक आहे. आहे की नाही गंमत?

नाच कुणाचा?

या मशालनृत्याची लय पोलोनेज नावाच्या नाचाची आहे. आपण ती टाळ्यांनी वाजवून पाहू. बाकावर हात ठेवा. दादऱ्यासारखे सहा घर समजा. पहिल्या घरात एक टाळी, दुसऱ्या घरात दोन भरभर, मग पुढच्या चार घरांत एकेक. म्हणा बरं:

धिन् तक धिन् धिन् धिन् धिन्!
धिन् तक धिन् धिन् धिन् धिन्!

जमलं? आता हेच म्हणत छाती पुढे काढून चाला. बघा, आपोआप राजासारखं चालणं येतं!

पोलोनेज या शब्दाचा अर्थच 'पोलंडचा'. हा नाच पोलंड देशातल्या लोकांचा. मग तो प्रशियाच्या राजवाड्यात कसा आला? नाच सगळीकडे आवडला, म्हणून आला. युरोपातल्या कितीतरी दरबारांत तो नाचला जायचा. पण प्रशियाच्या बाबतीत यात एक बोचणारी गोष्ट आहे. शेजारच्या प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी १७७२, १७९३ आणि १७९५ साली पोलंडचे लचके तोडून ते आपसात वाटून घेतले. तिसऱ्या वाटणीनंतर पोलंड हा देश नकाशावर उरलाच नाही. तो पुन्हा उभा राहिला १९१८ साली. म्हणजे मायरबेअर यांनी ही चार नृत्यं रचली तेव्हा पोलंडचा नाच होता, पण पोलंड नव्हता!

हे सांगितलं तेव्हा आमच्या वर्गातला एक मुलगा उसळून म्हणाला, "म्हणजे देश घेतला आणि नाचही घेतला?"

त्याला मी व्झेश्न्या गावची हकिगत सांगितली. प्रशियाने घेतलेल्या पोलिश मुलखातलं हे गाव. १९०१ साली तिथल्या शाळेत हुकूम झाला, की धर्माचा तासही यापुढे जर्मन भाषेतच होईल. मुलांनी जर्मनमधून प्रार्थना म्हणायला नकार दिला. तुमच्याएवढी मुलं होती ती! त्यांना छड्या मारल्या, पण त्यांनी ऐकलं नाही. ती बातमी सगळ्या युरोपात पसरली. राजवाड्यात पोलिश नाच चालत होता, शाळेत पोलिश भाषा चालत नव्हती.

ज्याची सावली, त्यालाच बोल

१८५० साली मायरबेअर यांचं दुसरं मशालनृत्य झालं. त्याच वर्षी एका जर्मन नियतकालिकात एक लेख छापून आला. ज्यू लोकांना खरं संगीत रचताच येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली टोपणनाव होतं. लिहिणारे होते रिचर्ड वाग्नर. ते स्वतः फार मोठे संगीतकार. आणि तरुणपणी हातात पैसा नसताना वाग्नर यांना मदत कुणी केली होती? मायरबेअर यांनी! वाग्नर यांचे ऑपेरा रंगभूमीवर यावेत म्हणून त्यांनी शब्द टाकला होता.

माणूस मोठा कलावंत असला म्हणजे तो मनानेही मोठा असतोच असं नाही, हे मुलांनो लक्षात ठेवा. मायरबेअर यांनी त्या लेखाला जाहीर उत्तर दिलं नाही. ते काम करत राहिले. १८६४ साली पॅरिसमध्ये ते वारले. त्यांना बर्लिनला आणून ज्यूंच्या दफनभूमीत पुरलं. त्यांनी आपला शब्द पाळला होता ना!

आणि योगायोग बघा. ज्या मारी राजकन्येच्या लग्नासाठी त्यांनी पहिलं मशालनृत्य रचलं, तिचा मुलगा लुडविग त्याच १८६४ साली बव्हेरियाचा राजा झाला. डोंगरावरचा तो परीकथेसारखा नॉयश्वानस्टाइन किल्ला बांधणारा राजा तो हाच. गादीवर येताच त्याने एका संगीतकाराला बोलावून घेतलं आणि त्याचं सगळं कर्ज फेडायला घेतलं. तो संगीतकार म्हणजे वाग्नर!

सतरा वर्षांची नवरी

चौथं मशालनृत्य १८५८ सालच्या लग्नासाठी. नवरी होती इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी. तिचंही नाव व्हिक्टोरिया, वय फक्त सतरा. नवरदेव प्रशियाचा राजपुत्र फ्रीडरिख. २५ जानेवारी १८५८ या दिवशी लंडनमध्ये लग्न लागलं आणि फेब्रुवारीत नवरी बर्लिनला सासरी आली.

१८५८ म्हटल्यावर इतिहासाच्या पुस्तकातलं काही आठवलं का? त्याच मार्चमध्ये इंग्रज फौजेने झाशीला वेढा घातला. जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढता लढता धारातीर्थी पडली. आणि १ नोव्हेंबरला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघून हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेला. एकाच वर्षी एका राणीच्या घरी मंगलवाद्यं वाजत होती आणि दुसरी राणी किल्ल्यावरून तोफा डागत होती. इतिहासाचं पान उलटताना दोन्ही बाजू वाचायच्या, त्या अशा.

या राजपुत्राकडून लोकांना मोठ्या आशा होत्या. पण गादी मिळाली १८८८ साली, आणि तेव्हा त्याला घशाचा कर्करोग झाला होता. अवघे ९९ दिवस राज्य करून तो वारला. गादीवर आला त्याचा मुलगा, दुसरा विल्हेल्म. या विल्हेल्मच्या मुलीचं लग्न २४ मे १९१३ रोजी बर्लिनला झालं. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आला होता, रशियाचा झार दुसरा निकोलस आला होता. सगळे एकमेकांचे नातेवाईक. मशालनृत्य झालं. पुढच्या वर्षी, १९१४ साली, हेच तिघं पहिल्या महायुद्धात समोरासमोर उभे होते. युद्ध संपता संपता जर्मनीतली राजेशाही गेली आणि दरबारातलं मशालनृत्यही गेलं.

मग १९३३ साली हिटलर आला. त्याच्या राजवटीत ज्यू संगीतकारांचं संगीत वाजवायला बंदी झाली. ज्या मायरबेअर यांच्या सुरांवर प्रशियाच्या राजकन्या चालल्या, त्यांचे सूर त्याच बर्लिनमध्ये मुके झाले. दुसऱ्या महायुद्धात राजवाडा बाँबने उद्ध्वस्त झाला, १९५० साली उरलासुरलाही पाडला. त्या जागी आता जुन्यासारखी दिसणारी नवी इमारत आहे आणि तिच्या आत संग्रहालय आहे. चारही मशालनृत्यं मात्र शिल्लक आहेत. आज ती मोकळेपणाने वाजवली जातात, ऐकायलाही मिळतात. बंदी घालणारे गेले, सूर राहिले.

"बाई, त्यांना पैसे मिळायचे का?"

गोष्ट संपली. वर्गात शांतता होती. मला वाटलं, आता तिसऱ्या बाकावरची ती मुलगी हसेल. पण तिने हात वर केला.

"बाई, त्या मंत्र्यांना दिवा धरायचे पैसे मिळायचे का?"

"नाही गं. तो त्यांचा मान होता."

"मग ते एकच रात्र धरायचे. माझी आई रोज धरते. तिची मान दुखते. रात्री मी तेल लावून चोळते."

मुलांनो, खरं सांगते, माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मी इतकी गोष्ट सांगितली, राजे आणले, मंत्री आणले, आणि मुद्द्याची गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली. मंत्र्याने एक रात्र मशाल धरली तर त्याची गोष्ट होते. तिची आई लग्नसराईभर दिवा धरते, पण वरातीत कोण होतं अशी यादी केली तर तिचं नाव कुणालाच आठवत नाही.

मी म्हटलं, "तू बरोबर बोललीस. मंत्र्यांचं काम सोपं होतं. तुझ्या आईचं अवघड आहे."

तेव्हा कुठे ती हसली.

मग आम्ही मैदानावर गेलो आणि मशालनृत्य केलं! जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या सुरळ्या आणि टोकाला लाल-पिवळा पतंगाचा कागद, झाल्या मशाली. "धिन् तक धिन् धिन्" म्हणत सगळा वर्ग फेऱ्या घालत होता. सगळ्यांत पुढे कोण होतं, ते सांगायला नकोच. सकाळी हसलेले तिघं तिच्या मागे मशाली धरून मुकाट्याने चालत होते.

पुढच्या सोमवारी पुन्हा जांभया. पुन्हा वरात! पण या वेळी एका मुलाने आपण होऊन सांगितलं, "बाई, काल वरात थांबली होती ना, तेव्हा आम्ही दिवेवाल्या मावशींना पाणी नेऊन दिलं. त्यांना दिवा खाली ठेवता येत नाही, म्हणून एका काकांनी तेवढा वेळ धरला."

"जड होता का रे?"

"काका म्हणाले, लई जड!"

करून पाहा

१. "धिन् तक धिन् धिन् धिन् धिन्" ही लय टाळ्यांवर पक्की करा. मग दोन गट करा. एकाने लय धरायची, दुसऱ्याने जोडीने चालायचं. जळती मशाल मात्र अजिबात नको. कागदाचीच घ्या!

२. पुढच्या वरातीत बँडची वाद्यं मोजा. खटके कोणत्या वाद्यांना आहेत आणि किती, ते लिहून काढा. वादक मोकळे असतील तर अदबीने विचारा, ते आनंदाने दाखवतात.

३. तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या कुठल्याही एका समारंभाची यादी करा. जेवण करणारे, मांडव घालणारे, भांडी घासणारे, उजेड धरणारे असे सगळे त्यात आले पाहिजेत. कुणी राहिलं नाही ना, ते दोनदा तपासा.

आणि पालकहो, एक विनंती तुम्हालाही. घरी कार्य निघालं की बँड, घोडा, दिवे यांचा हिशेब तुम्ही करता. दिवे धरणाऱ्यांना जेवण कधी मिळणार आणि मजुरी त्यांच्या हातात किती पडणार, हे एकदा मुलांसमोर विचारा. पुस्तकातून शिकवून होत नाही, ते मुलं अशा वेळी शिकतात.

बराय तर मग मुलांनो, भागाकार अजून राहिलाच आहे! पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या बाई